मागच्या खोलीचा अर्ज

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तीन सदस्यांच्या उपसमितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर, सभासदांच्या आग्रहावरून.)



विषयपत्रिकेत आमचा विषय अगदी शेवटी, 'ऐनवेळचे विषय' याच्या जरा वर ठेवलेला आहे. चहाची वेळ झाली आहे हेही आम्हांला दिसते आहे. पण या विषयावर गेले दोन महिने घराघरांतून बरीच चर्चा झाली, आणि ती ऐकीव माहितीवर झाली, म्हणून थोडा वेळ मागून घेतो.

दारू सोडलेल्या काही जणांनी आपल्या सभागृहाची मागची खोली आठवड्यातून एका संध्याकाळी, दीड तासासाठी मागितली आहे. अर्ज चार ओळींचा आहे. देणगी मागितलेली नाही, जेवण मागितलेले नाही, मंडळाचे नाव वापरण्याची परवानगीही मागितलेली नाही. खोली, सतरंजी आणि दिवा, एवढेच. आपण ज्या खोलीत गणपतीची मखरे आणि मोडक्या खुर्च्या ठेवतो, तीच ही खोली.

त्यावर हरकती आल्या त्या तीन. मंडळाची प्रतिष्ठा जाईल, ही पहिली. मंडळ सांस्कृतिक आहे, असली कामे स्वयंसेवी संस्थांची, ही दुसरी. आणि तिसरी, जी सर्वांत मोठ्या आवाजात मांडली गेली, ती अशी की चार दारुड्यांना एकत्र बसवून काय होणार, सरकारने दुकानेच बंद करावीत. तिसरीपासूनच सुरुवात करतो, कारण ती राजकारणाची बाब आहे आणि हे आपले पत्रक राजकारणापासून लांब राहिलेले नाही.

दुकाने बंद करा, ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. १९३८ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीचा कायदा केला तेव्हा बालाघाट त्याच प्रांतात होते. आपल्यापैकी काहींच्या आजोबा-पणजोबांनी त्या काळी दुकानांपुढे निदर्शने केली असतील, आणि काहींच्या मालगुजारीच्या गावांत आबकारीचा लिलावही झाला असेल. दोन्ही खरे असू शकते. अलीकडचे पाहिले तर १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेश सरकारने दुकानांना लागून असलेले अहाते बंद केले. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर, अमरकंटक आणि आपल्या शेजारचे मंडला अशा धार्मिक नगरांतून दुकाने उठली. १५ नोव्हेंबर २०२२ ला लागू झालेल्या पेसा नियमांनी बैहरकडच्या ग्रामसभांना दारूच्या दुकानाबद्दल आपले म्हणणे चालवण्याचा अधिकार दिला. हे सगळे चांगलेच झाले. पण अहाता गेला आणि बाटली राहिली, तर ती प्यायची कुठे? पुलाखाली, शेताच्या धुऱ्यावर, नाहीतर घरी. ज्याच्या घराला चार खोल्या आहेत त्याचे भागते. ज्याचे घरच एका खोलीचे, त्याची मुले दप्तर घेऊन ओट्यावर येऊन बसतात. अहाते बंद करणाऱ्यांचा हेतू हा नव्हता, पण हिशोब करताना ही खोलीही मोजायला हवी होती.

आपली वैनगंगा शिवनी जिल्ह्यातून येते आणि बालाघाटहून पुढे गोंदिया, भंडारा करत गडचिरोलीच्या हद्दीला लागते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची सीमा मध्ये आली खरी, पण दारूला आणि बसगाडीला ती फारशी आडवी येत नाही. नदीच्या त्या खालच्या अंगाला काय घडले ते पाहण्यासारखे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत राहायला गेले आणि त्यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली. लोक दारूवर जिल्ह्याच्या विकास योजनेपेक्षाही जास्त पैसा खर्च करतात, हा हिशोब त्यांनी मांडला, गावोगावच्या बायका उठल्या, आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायका श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्याबरोबर नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. तिथे १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ साली दुसऱ्या सरकारने ती उठवली. म्हणजे एका जिल्ह्यात बंदी टिकली, शेजारच्यात सहा वर्षांत गेली.

टिकलेल्या जिल्ह्याचे आम्हांला जास्त महत्त्वाचे वाटते. तिथेही चोरटी दारू येतच राहिली, मोहाची गाळली जातच राहिली. म्हणून बंदीनंतर तेवीस वर्षांनी, २०१६ साली, 'सर्च', टाटा ट्रस्ट आणि महाराष्ट्र शासन यांनी मिळून 'मुक्तिपथ' नावाचा कार्यक्रम सुरू केला. गावात संघटना आणि तालुक्याच्या गावी व्यसन-उपचाराचा दवाखाना, असे त्याचे स्वरूप. दारूबंदीचा सर्वांत जास्त अनुभव असलेल्या माणसांनाही शेवटी पिणाऱ्या माणसाकडे वळावे लागले. दुकान बंद झाल्यावरही तो माणूस उरतोच, आणि त्याचे हात थरथरत असतात.

या थरथरीबद्दल दोन शब्द बोलणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे यात माणसे दगावतात. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू सोडली की काही तासांत घाम आणि कंप सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी भास होऊ लागतात. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसे हाका मारतात. हाड मोडून दवाखान्यात पडलेला किंवा कोठडीत टाकलेला माणूस तिसऱ्या दिवशी असा बडबडू लागला की आपल्याकडे त्याला बाहेरची बाधा ठरवतात आणि लिंबू शोधायला जातात. ती बाधा नसते. डॉक्टरकडे त्यावर औषध आहे, आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने वेळेवर मिळाली तर मेंदू वाचतो. दुसरी गोष्ट भगिनींसाठी. 'न सांगता दारू सोडवा' अशी पूड भाजीत कालवून देऊ नका. अशा पुडीत काय असते ते देणाऱ्यालाही ठाऊक नसते. डायसल्फिरम नावाचे खरे औषध असले, तर त्यावर दारू पोटात जाताच रक्तदाब कोसळतो आणि जीवही जाऊ शकतो. ते औषध माणसाच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

आता दुसरी हरकत, संस्थांची. संस्थांनी करावे हे म्हणणे बरोबर आहे, पण संस्था कशा उभ्या राहतात ते पाहा. पुण्याचे 'मुक्तांगण' आपल्या सर्वांना नावाने माहीत आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू केले. त्या स्वतः तिथे मनोविकारतज्ज्ञ होत्या. आम्हांला त्यांची एक गोष्ट फार मोलाची वाटते. बरे झालेल्या रुग्णांनाच त्यांनी कार्यकर्ते केले. ज्याने उंबऱ्यात पडून रात्री काढल्या आहेत, त्याला नव्याने आलेल्याची लबाडी एका वाक्यात कळते आणि त्याची लाजही कळते. पुढे तिथे पत्नींचा 'सहचरी' हा गट झाला, वेगवेगळ्या गावांत पाठपुराव्याच्या बैठका झाल्या. १९९७ साली सुनंदाताई गेल्या, २०२२ साली अवचटही गेले, पण काम थांबलेले नाही. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर ते सांभाळतात.

पण पुणे आपल्यापासून किती लांब आहे! आपल्या इकडचा माणूस दवाखाना म्हटले की गोंदिया किंवा नागपूर गाठतो. महिनाभर राहायचे म्हणजे महिन्याची मजुरी बुडते, सोबतच्या माणसाचा खर्च वेगळा. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात असे आढळले की दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि दवाखान्यात राहून उपचार १८० मध्ये एकाला. ही देशाची सरासरी झाली. त्यात परसवाडा आणि लांजीचा माणूस कुठे बसत असेल याचा अंदाज आपणच करावा. या पोकळीत गल्लोगल्ली 'नशामुक्ती केंद्रे' निघाली. त्यांतली काही चांगली आहेत, काही म्हणजे बाहेरून कडी लावलेल्या खोल्या आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे रुग्णाला साखळीने बांधणे हा गुन्हा आहे आणि केंद्राला नोंदणी लागते. कोणाला पाठवायचे असेल तर आधी नोंदणीचा कागद मागा आणि आत भेटू देतात का ते विचारा. सरकारचा १४४४६ हा फुकट दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवा.

आपले अर्जदार ज्या पद्धतीने बसू इच्छितात ती 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'ची आहे. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूने पोखरलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून ही चळवळ निघाली. भारतात ती १९५७ पासून आहे. सभासद व्हायला दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट. पूर्ण नाव सांगावे लागत नाही, फी नाही. बाहेरच्या कोणाचीही देणगी ते घेत नाहीत, आपापसांत टोपी फिरवून खर्च भागवतात, आणि कोणत्याही राजकीय वादात पडत नाहीत. घरच्यांसाठी 'अल-ॲनॉन' नावाच्या वेगळ्या बैठका असतात. आपल्या मंडळात देणगी न घेणारी आणि राजकारण न करणारी बैठक ही नवलाचीच गोष्ट ठरेल! असो.

खरा मुद्दा याच्या पुढे आहे. अर्जदारांशी आम्ही दोन संध्याकाळी बोललो. नावे सांगणार नाही, सांगायची नाहीतच. आम्ही विचारले, सर्वांत कठीण दिवस कोणता? आम्हांला वाटले, पहिला म्हणतील. त्यांच्यातला वयाने मोठा म्हणाला, केंद्रातून बाहेर आलो तो. बायको मुलांना घेऊन माहेरी गेलेली, भाड्याची खोली घरमालकाने दुसऱ्याला दिलेली, भाऊ दारातून आत घेईना. दोन रात्री बसस्थानकावर काढल्या. तिथे त्याला ओळखणारे आणि त्याच्याशी प्रेमाने बोलणारे जे लोक भेटले, ते सगळे पिणारेच होते. "तिसऱ्या दिवशी मी प्यालो नसतो तर नवल, साहेब," असे तो म्हणाला. त्यांच्या भाषेत याला 'स्लिप' म्हणतात, आणि ती झाली म्हणून माणूस संपला असे ते मानत नाहीत.

उपचार, मजुरी आणि छप्पर या तीन गोष्टी आपण तीन खात्यांत टाकल्या आहेत, पण त्या माणसाला तिन्ही एकाच दिवशी लागतात. दारूपायी घर जाते, आणि घर नाही म्हणून दारू सुटत नाही. ग्रामीण आवास योजनेचे पाहा. २०१६ पासून सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व अडचणीच्या भागात १ लाख ३० हजार रुपये हप्त्यांनी खात्यात येतात. हप्ता आला की घरातल्या पिणाऱ्यालाही ते कळते. लिंटलपर्यंत भिंती आणि वर पॉलिथिन, अशी घरे आपण सगळ्यांनी रस्त्याने जाता-येता पाहिली आहेत. त्यांतली सगळीच दारूची नसतात, सिमेंट-लोखंडाचे भावही असतात, पण काही असतात. नियम असा आहे की घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर व्हावे. पण जागेचा पट्टा सासऱ्याच्या नावे असतो आणि तिथेच गाडी अडते. २०२३ ला सुरू झालेल्या लाडली बहनाचे पैसे बाईच्या खात्यात येतात हे उत्तमच. ते तिच्या हातात राहतात का, हा प्रश्न खात्याच्या पासबुकात दिसत नाही.

कायदा मात्र बायांच्या बाजूने आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे घर कोणाच्याही नावावर असो, त्यात नांदणाऱ्या बाईला राहण्याचा हक्क आहे, आणि गरज पडली तर मारणाऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. अर्ज महिला व बाल विकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे द्यायचा.

बायांनी आपल्या जिल्ह्यात काही केलेच नाही असेही नाही. २००७ पासून 'तेजस्विनी' कार्यक्रम राज्यातल्या ज्या सहा जिल्ह्यांत चालला, त्यांत बालाघाट होते. बचत गटांतून गावोगावी 'शौर्या दल' निघाले, पाच बाया आणि पाच पुरुष. दारू गाळणाऱ्याला समजावणे, मारझोड होणाऱ्या घरी एकत्र जाऊन उभे राहणे, ही त्यांची कामे. पुढे सरकारने ती कल्पना राज्यभर नेली. दहा जण दारात उभे राहिले की नवऱ्याचा हात खाली येतो, यात मोठे शास्त्र नाही. तो कार्यक्रम संपला, पण त्यातल्या कितीतरी बाया आजही गावातच आहेत. त्यांना आपल्या व्यासपीठावर आपण हळदीकुंकवालासुद्धा बोलावलेले नाही. मोहाबद्दलही एक खुलासा करतो, कारण आपल्या घरांतून बैगा-गोंडांविषयी सहज वाटेल ते बोलले जाते. आदिवासी कुटुंबांना स्वतःपुरती मोहाची दारू गाळण्याची कायद्याने मुभा आहे, ती त्यांच्या पूजेत आणि लग्नात लागते. देवाला चार थेंब वाहणे वेगळे आणि ठेक्याची बाटली रोज रिचवणे वेगळे. तो फरक त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो.

निवडणूक नगरपालिकेची असो वा विधानसभेची, उमेदवार या सभागृहात येतात, शिवाजी महाराजांना हार घालतात, मराठीत दोन वाक्ये बोलतात आणि आपण खूश होतो. पुढच्या वेळी आम्ही सुचवतो की त्यांना चार प्रश्न विचारावेत. जिल्हा रुग्णालयात दारू सोडणाऱ्यासाठी किती खाटा आणि कोण डॉक्टर? आवासाचा पट्टा बाईच्या नावे करून देण्याची शिबिरे तहसिलीत लावणार का? केंद्रातून परतलेल्या माणसाला पहिले पंधरा दिवस रैनबसेऱ्यात जागा मिळेल का? आणि दारूच्या ठेक्यातून राज्याला जे उत्पन्न येते, त्यातला किती पैसा उपचाराला येतो? उत्तरे आली की आपल्या पत्रकात जशीच्या तशी छापू. पक्ष कोणताही असो.

राहिली प्रतिष्ठेची हरकत. आपल्या जुन्या घरांतून 'पितो' असे कोणी म्हणत नाही, 'घेतो' म्हणतात. मजूर पितो, वकीलसाहेब घेतात. घेणाऱ्याचे घर मोठे असते, म्हणून पडल्याचा आवाज रस्त्यावर येत नाही. वाड्याच्या मागच्या खोलीत आयुष्य काढलेला एखादा काका कोणत्या घराला नाही? त्याच्या आजाराचे नाव घरात 'लिव्हर' असते. अर्ज देणाऱ्यांत दोन जण मराठी आहेत, आणि त्यांची आडनावे या सभागृहाच्या देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर आहेत. हे आम्ही त्यांच्या परवानगीने सांगतो आहोत. कोण ते विचारू नये.

उपसमितीची शिफारस अशी. मागची खोली दर रविवारी संध्याकाळी सहा ते साडेसात त्यांना द्यावी. प्रवेश गल्लीकडच्या दाराने, म्हणजे नाट्यमंडळाच्या तालमीशी गोंधळ होणार नाही आणि येणाऱ्यालाही अवघड वाटणार नाही. भाडे महिन्याला पन्नास रुपये घ्यावे. आम्ही फुकट म्हणत होतो, पण फुकट घ्यायला त्यांनीच नकार दिला. हजेरीची वही ठेवू नये आणि पदाधिकाऱ्यांनी पाहणीच्या नावाखाली आत डोकावू नये. पहिल्या रविवारी घरच्या बायांसाठी वेगळी बैठक, ती महिला शाखेच्या खोलीत. महिला शाखेने याला लेखी होकार दिला आहे, पुरुषांच्या आधी. मखरे गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत हलवायला दोन माणसे लागतील.

ठराव मांडतो. अनुमोदन कोणाचे ते सांगावे, म्हणजे चहा आणायला सांगता येईल.